दक्षिणेकडची भिंत

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या ऑस्ट्रेलियातल्या, टार्निटच्या घराच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "पोकळ आहे."

"इथे सगळी घरं अशीच असतात, बाबा. आत लाकडाचा सांगाडा, बाहेरून विटांचा एक पदर."

"म्हणजे विटा नुसत्या दाखवायला."

मी भाजी फोडणीला टाकली. मी इथे युनिमध्ये शिकायला आले, मग एका गोडाऊनमध्ये रात्रपाळ्या केल्या, मग ऑफिसात लागले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि या सगळ्याच्या शेवटी ते घर आलं होतं. ते पोकळ आहे हे ऐकायला मी त्यांना विमानाचं तिकीट पाठवलं नव्हतं.

बाबांचं आयुष्य पुरातत्त्व खात्यात गेलं. मोठे साहेब नव्हते ते. साहेब जीपमधून येऊन बघून जातात आणि ज्याच्या भरवशावर जातात, जो गवंड्यांबरोबर दिवसभर परांचीवर उभा असतो, तो माणूस. पडायला आलेली देवळं, दरवाजे, तटबंद्या. महिनोन् महिने ते कुठल्यातरी आडगावी असायचे आणि घरी आले की नखांत चुना असायचा. आई म्हणायची, "यांना माणसं दिसतच नाहीत. दगड दिसतात." आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर ते पुण्यात एकटे राहतात, म्हणून मीच आग्रह करून त्यांना बोलावलं.

टार्निटमध्ये दिवसा बाहेर माणूस दिसत नाही. बाबा रोज सकाळी चालायला जायचे आणि येऊन सांगायचे की सगळी घरं एका साच्यातली आहेत आणि मधल्या तीन रस्त्यांवर त्यांना एक कुत्रा भेटला. मग एकदा माझी मुलगी त्यांना लायब्ररीत घेऊन गेली. तिथून ते एक घडीचं पत्रक घेऊन आले आणि ते त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरच ठेवलं. मी मीटिंगमध्ये होते.

पत्रकावर एका छोट्या दगडी चॅपलचा फोटो होता. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातलं, सातआठशे वर्षांपूर्वीचं. मेंढ्यांवर श्रीमंत झालेल्या इथल्या एका माणसाने ते पडकं असताना विकत घेतलं, एकेक दगड नंबर घालून खोक्यांत भरला आणि बोटीने आणला. उभं करायच्या आधीच तो माणूस गेला. खोकी कित्येक वर्षं एका बेटावर, लोकर ठेवायच्या शेडमध्ये पडून होती. पुढे बेटावरच्या लोकांनी ते बांधलं, आणि अलीकडे त्याची पुन्हा डागडुजी करून लोकांना बघायला खुलं केलंय, असं लिहिलं होतं. बेट आमच्यापासून गाडीने अडीच तास आणि पुढे बोटीने अर्धा.

"हे बघायचं," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच बघितलंय. आपण ग्रेट ओशन रोडला जाऊ. पेंग्विन बघू."

"पेंग्विनला काय बघायचं?"

सप्टेंबर संपत आला होता, मुलीला शाळेची सुट्टी होती. मी एका शुक्रवारची रजा टाकली. नवऱ्याने शहाणपणाने ऑफिसचं काम पुढे केलं. मुलगी चौदा वर्षांची, तिने फोनवरून नजर न काढता विचारलं, "मम, डू आय हॅव टू?" आजोबांसाठी यायचंच, असं मी तिला मराठीत सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. ती आली आणि मागच्या सीटवर कानात बोंडं घालून झोपली.

वेस्ट गेट ब्रिजवर आम्ही चाळीस मिनिटं अडकलो. बाबा शेजारी बसून पुलाचे खांब बघत होते आणि ते कसे चुकलेत ते सांगत होते. पुढे मोनॅश फ्रीवेवर रस्त्याचं काम. धक्क्यावर पोचलो तेव्हा दहाची बोट सुटायला चार मिनिटं होती, आणि बाबांना त्याच क्षणी टॉयलेटला जायचं होतं. बोटीवरचा माणूस "नो वरीज" म्हणून थांबला. मला मात्र इतकी लाज वाटली की पूर्ण प्रवासभर मी त्याच्याकडे बघितलं नाही.

बेटावर उतरलो तर धक्क्यावर कोणीच नाही. वेबसाइटवर शटल बस आहे असं लिहिलं होतं. खांबाला एक कागद चिकटवलेला होता, त्यावर शटल आज बंद असल्याबद्दल क्षमा मागितली होती. चॅपल तीन किलोमीटरवर. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा दुखरा. मी म्हटलं, इथेच बाकावर बसू, डबा खाऊ, दुपारच्या बोटीने परत जाऊ. बाबांनी काठी उचलली आणि खडीच्या रस्त्याने चालायला लागले.

"ही इज ऑलरेडी गोइंग," मुलगी म्हणाली.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आणि पलीकडे गवत. एक वॉलबी, छोट्या कांगारूसारखी, आमच्याकडे बघत उभी राहिली. सगळीकडे इतकं शांत होतं की बाबांच्या काठीचा खडीवरचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजाने माझं डोकं उठत होतं. आमच्या लहानपणी आम्ही असंच त्यांच्यामागे चालायचो. मे महिन्याच्या सुट्टीत आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन त्यांच्या साइटवर जायची, एसटी बदलत बदलत. एकदा आम्ही भर दुपारी पोचलो तर ते परांचीवर होते. चुन्याच्या घाणीत दळून चुना तयार झाला होता, तो वाळायच्या आत लावायचा होता. त्यांनी वरूनच हात केला. आम्ही तिघी एका झाडाखाली ट्रंकेवर बसून राहिलो, चार तास. आईने शेवटी आमचा डबा उघडला आणि त्यांच्या वाटचं सगळंही आम्हालाच खायला घातलं.

चॅपल बघून मुलगी म्हणाली, "दॅट्स इट?" आणि मला तिचं पटलं. आमच्या डबल गराजपेक्षा फार मोठं नसेल. फिकट पिवळसर दगड, वर उतरतं छप्पर, एक लहानशी घंटा, तीन-चार अरुंद खिडक्या. मागे समुद्र. दाराला कुलूप.

दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं की किल्ली गावातल्या दुकानात मिळेल. दुकान रस्त्यापलीकडे दिसत होतं. मी गेले. दुकानावर पाटी होती की ते दोन वाजता उघडेल. साडेअकरा झाले होते. परतीची बोट चारला, आणि त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून नवऱ्याला फोन लावला, फक्त ओरडायला कोणीतरी हवं होतं म्हणून. रेंज नव्हती.

परत आले तर बाबा चॅपलभोवती फिरत होते. एक फेरी, दुसरी फेरी. हात पाठीमागे, मान वर. त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव होते जे मी लहानपणापासून ओळखते आणि जे माझ्या एकाही प्रगतिपुस्तकाकडे बघताना आले नव्हते.

"ही भिंत आजारी आहे," ते म्हणाले.

"दोन वाजेपर्यंत काही होणार नाही, बाबा. खाऊन घ्या."

थालीपीठ हातात घेऊनच ते त्या भिंतीशी गेले. समुद्राकडची, लांब बाजूची भिंत. बाकीच्या भिंती कोरड्या होत्या, हिच्यावर काळपट हिरवे डाग होते आणि दगडांचे पापुद्रे सुटले होते. त्यांनी एका दगडावरून बोट फिरवलं. पांढरी भुकटी बोटाला लागली. आणि त्यांनी ते बोट चाटलं. समाधान झालं नसावं, कारण मग वाकून त्यांनी जीभ थेट भिंतीला लावली.

"ओ माय गॉड," मुलगी म्हणाली. "आजोबा जस्ट लिक्ड द चर्च."

"मीठ," बाबा म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी एक जुनी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, रस्त्यावरून येऊन थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. सत्तरीच्या असाव्यात, उन्हाने रापलेल्या, आखूड पांढरे केस, गमबूट. त्यांनी बाबांना भिंतीला जीभ लावताना बघितलं होतं की नाही हे मला आजही ठाऊक नाही. बोटीवरच्या माणसाने रेडिओवर कळवलं म्हणून आले, त्या म्हणाल्या. तीन माणसं चालत निघालीत, त्यातला एक म्हातारा आहे, असा निरोप होता. चॅपलची किल्ली त्यांच्या गळ्यात होती.

आत शिरायच्या आधी त्यांनी आम्हाला बुटांवर घालायला निळ्या पिशव्या दिल्या आणि मग माहिती सांगायला सुरुवात केली. त्यांचं भाषण पाठ होतं. कोणत्या शतकात पाया घातला, कोणत्या संताच्या नावाने, कोणती कमान गोल आणि कोणती टोकदार. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण ऑस्ट्रेलियन बोलणं त्यांच्या कानावरून जातं, त्यामुळे दर वाक्यानंतर ते माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायची. आणि दर वाक्यानंतर ते मला म्हणायचे, "तिला भिंतीचं विचार."

"काय म्हणतात ते?" बाईंनी विचारलं.

"फार सुंदर आहे म्हणतात," मी सांगितलं.

"कमानीचं राहू दे. समुद्राकडच्या भिंतीतल्या दगडांमधल्या दरजा कोणी भरल्या ते विचार."

"किती शांत वाटतंय म्हणतात."

आतून ती भिंत आणखी वाईट दिसत होती. खालच्या चार थरांना ओल चढलेली, मधूनमधून सिमेंटच्या करड्या रेघा. बाबांनी खिशातून आमच्या घराची किल्ली काढली आणि एका रेघेवर टकटक केलं. आवाज खणखणीत आला. शेजारच्या दगडावर केलं, तिथे बद्द. मग किल्लीचं टोक त्यांनी सांध्यात घातलं. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, हे म्युझियमसारखं आहे. हात लावायचा नसतो."

"अगं, हा दगड मरतोय. सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही, मग ते दगडातून पडतं. बरोबर मीठ आणतं आणि दगड फोडतं. सिमेंट शाबूत राहणार आणि दगड जाणार. आणि हा बघ, हा उभा लावलाय. खाणीत दगड जसा झोपलेला असतो तसाच भिंतीत झोपवायचा असतो. सांग तिला. सांगतेस ना नीट?"

बाई वाट बघत होत्या. माझ्या मागे माझी मुलगी उभी होती, आणि मी काही बोलायच्या आत तिने ते सगळं सांगून टाकलं. स्वच्छ इंग्रजीत, काहीही गाळगूळ न करता. आजोबा म्हणतायत तुमची भिंत मरतेय. ज्याने हे सिमेंट भरलं त्याने ती मारली. आणि हा दगड चुकीचा लावलाय. आणि ममने तुम्हाला आत्तापर्यंत जे सांगितलं त्यातलं काहीच ते म्हणाले नव्हते.

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

बाईंनी त्या करड्या रेघांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी भरलंय ते. मी एकटीने. दोन उन्हाळे लागले मला."

मोठं काम झालं तेव्हा तज्ज्ञ माणसं आली होती, त्यांनी सांगितलं. छप्पर आणि समोरची बाजू त्यांनी केली, तेवढ्यात पैसे संपले. ही भिंत राहिली. सांध्यांतली माती वाऱ्याने उडून जात होती, म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पोती आणली आणि पोत्यावर लिहिलेल्या सूचना वाचून सांधे भरले. तेव्हापासून भिंत दर वर्षी जास्तच खराब होतेय, आणि का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे मी बाबांना मराठीत सांगितलं आणि वर म्हटलं, "आता माफी मागा आणि चला."

बाबांनी माफी मागितली नाही. ते पुन्हा भिंतीजवळ गेले आणि त्या करड्या रेघांवरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग वळून म्हणाले, "हात चांगला आहे हिचा. एकसारखी भरली आहे, कुठे सांडलं नाही, दगडाच्या तोंडावर आलं नाही. माल चुकला."

मुलीने तेही सांगितलं. बाईंनी बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "मग आता काय करायचं?"

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. बाबांनी आधी दिशा विचारल्या. सकाळी सूर्य कुठून येतो, दुपारी कुठे असतो. आपल्याकडे उत्तरेची भिंत ओली राहते, ऊन दक्षिणेकडून येतं. इथे ते उलट आहे हे त्यांना टार्निटच्या अंगणात कपडे वाळत घालताना कळलं होतं. ते थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग मुलीला म्हणाले, "तिला सांग, ही भिंत तिकडे उन्हातली होती. सातशे वर्षं रोज हिला ऊन मिळालं. इथे आणून त्यांनी देऊळ तसंच पूर्वेकडे तोंड करून बांधलं, पण इथे दक्षिणेला ऊनच नाही. ही सावलीत आली, वर समुद्राचा वारा. हिला जपायला पाहिजे होतं."

बाईंनी खिशातून एक वही काढली. त्या लिहून घ्यायला लागल्या.

दोन वाजले. यूटमधून छिन्नी आणि छोटी हातोडी आली. बाबा निळ्या पिशव्यांसकट जमिनीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि त्यांनी बाहेरच्या बाजूचा एकच सांधा, वीतभर, कसा उकरायचा ते दाखवलं. दगडाला धक्का न लावता, सिमेंटच्या मधोमध आधी चीर पाडून. मग बाईंनी करून बघितलं. मग बाबांनी त्यांचा हात धरून छिन्नीचा कोन बदलला. मग चुना कसा विरवायचा, किती दिवस पाण्यात ठेवायचा, वाळू कुठली, ती खारी नाही ना, भरल्यावर गोणपाट भिजवून किती दिवस झाकायचं. माझी मुलगी शेजारी मांडी घालून बसली होती आणि शब्द अडला की मला हाक मारत होती. "मम, विरवणे?" "स्लेक," मी गुगल करून सांगितलं. रेंज तेवढ्यापुरती आली होती.

तीन वाजता मी म्हटलं, निघू या. बाबा म्हणाले, पाच मिनिटं. सव्वातीनला म्हटलं, बाबा म्हणाले, हा कोपरा झाला की. बाई म्हणाल्या, मी सोडते धक्क्यावर, यूटने सहा मिनिटं लागतात. पावणेचारला मी बाबांची काठी, डबा, थर्मास सगळं उचलून यूटमध्ये ठेवलं आणि दार उघडं धरून उभी राहिले. ते हात धुवायला गेले आणि नळाशी उभं राहून बाईंना काहीतरी खुणा करून सांगत राहिले.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट खाडीत बरीच आत गेली होती. तिच्या मागचा पांढरा फेस दिसत होता.

बाई म्हणाल्या, नो वरीज, साडेपाचला एका शेतकऱ्याचा तराफा गॅसचे रिकामे सिलिंडर घेऊन पलीकडे जातो, मी त्याला सांगते. आणि त्या सांगायला गेल्या. मुलगी त्यांच्याबरोबर गेली. धक्क्यावर मी आणि बाबा उरलो, एका लाकडी बाकावर, वारा तोंडावर घेत.

मी तो फेस विरेपर्यंत बघत राहिले. मग बोलले.

"तुम्हाला एकदा तरी वाटलं का, की हिने रजा टाकली आहे, अडीच तास गाडी चालवली आहे, आता हिचं ऐकावं?"

"काम अर्धं टाकून कसं यायचं?"

"ते तुमचं काम नाहीये. तुम्ही रिटायर झालात. तुम्ही त्या बाईला आज तीन तास शिकवलंत. मला तुम्ही सायकलसुद्धा शिकवली नाहीत. कुठल्या इयत्तेत आहे हे तुम्हाला माहीत नसायचं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

मला वाटलं होतं ते गप्प बसतील. पण त्यांनी खरंच आठवून सांगितलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. "मंडपाचा तिसरा खांब उतरवला होता. वरचं छत टेकूवर होतं. सोडून येणं शक्य नव्हतं."

"हेच. तिसरा खांब आठवतो."

"निकालाच्या दिवशी फोन करायला गेलो होतो तालुक्याला. सोळा किलोमीटर, सायकलवर. शेजारच्यांकडे लावला. त्यांनी सांगितलं, तुम्ही सगळे देवळात गेलात, पेढे ठेवायला. तासभर थांबलो पोस्टात. परत लावला. तेव्हाही तुम्ही आला नव्हतात. मग अंधार पडायच्या आत परतलो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "हे कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आईला?"

"तिलाही नाही. फोन लागला नाही, त्यात सांगायचं काय?"

याच्यावर काय करायचं असतं हे मला कळेना. रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. आईने ते दुःख तीस वर्षं बाळगलं. कुणाच्याही लग्नात, बारशात, कुठेही विषय निघाला की ती सांगायची, पोरीचा एवढा निकाल लागला तरी यांचा फोन नाही. आणि हे समोर बसून ऐकायचे. शेजारच्यांनी निरोप दिला नव्हता, आणि यांनी एक वाक्य बोलून दिलं असतं तर ती गोष्ट तिथे संपली असती. मी त्यांना तसं म्हटलं.

बाबा समुद्राकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

एवढंच. मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. तो गार झाला होता. आम्ही प्यायलो.

तराफ्यावरून येताना सिलिंडर एकमेकांवर आपटत होते आणि मुलीला ते फार आवडलं. बाबा गाडीत बसताच झोपले. मोनॅशवर परत रस्त्याचं काम लागलं. घरी नवऱ्याने पास्ता करून ठेवला होता आणि "मजा आली का?" असं विचारलं, मी त्याला सांगितलं की आत्ता काही विचारू नकोस.

बाबा नोव्हेंबरात पुण्याला परत गेले. मला वाटलं, संपलं. पण त्या बाईंनी पत्ता मागून घेतला होता, आणि त्यांचा ईमेल आला. दोन पानी. चॅपलच्या कमिटीत याच्यावर भांडण झालं होतं. अर्धे म्हणाले की भारतातून आलेल्या एका पाहुण्याच्या सांगण्यावरून भिंत उकरायची नाही, अर्धे म्हणाले तज्ज्ञ आणायला पैसे नाहीत आणि भिंत तर पडतेय. शेवटी एका तज्ज्ञाला फोटो पाठवले. त्याने लिहिलं की म्हाताऱ्याचं बरोबर आहे. एक कोपरा करून बघायची परवानगी मिळाली.

तेव्हापासून मी मधली टपालवाली आहे. बाई ईमेल लिहितात, मी मराठीत करून बाबांना पाठवते. बाबा उत्तर टाइप करत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात, चार-चार मिनिटांच्या, आपल्या सोयीने. मी विन्डम व्हेलच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्या ऐकते आणि लिहून काढते. "तिला विचार, गोणपाट ओलं ठेवलं का. तिला सांग, फोटो तिरका काढू नकोस, समोरून काढ. तिला सांग, घाई केली आहे, हे परत उकर." मी माझ्या परीने ते बरं करून पाठवायची. तिसऱ्या की चौथ्या पत्रानंतर बाईंनी लिहिलं की तुझं इंग्रजी इतकं सौजन्याचं आहे की माझं नेमकं काय चुकलं ते मला कळत नाही, कृपा करून हे काम मुलीकडे दे. मुलीने ते हसत हसत घेतलं आणि दोन आठवड्यांत परीक्षा आली म्हणून माझ्याकडे परत दिलं. आता मी आहे तसंच लिहिते. "ते म्हणतात, हे परत उकर."

इथला हिवाळा, म्हणजे पावसाचेच दिवस, अजून जायचा आहे. कोपरा टिकला की नाही ते पावसानंतरच कळेल, असं बाबा म्हणतात. एका वर्षात भिंत बोलत नाही. बाईंनी मागच्या आठवड्यात नवा फोटो पाठवलाय, समोरून काढलेला. त्यात नवीन सांधे पिवळसर दिसतात आणि खाली एक डाग आहे जो ओलीचा आहे की सावलीचा हे मला सांगता येत नाही. तो मी बाबांना पाठवलाय. आज सकाळी मीटिंग सुरू असताना त्यांची व्हॉइस नोट आली, सहा मिनिटांची. मी ती अजून ऐकलेली नाही. जेवणाच्या सुट्टीत ऐकेन.